एका आवाजाचं स्वयंपाकघर

गंगापूर रोड, नाशिक
२९ जून २०२५

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी डोळा लागता लागता एक आवाज ऐकू आला. आमच्या शाळेतला. अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. पहिली ओळ गुरुजी एकटेच म्हणायचे, डोळे मिटून, बोटांना खडू लागलेला. दुसऱ्या ओळीपासून आम्ही. तुझे वडील ज्ञानेश, माझा चुलतभाऊ, माझ्याच शेजारी बसायचा आणि वर्गात सगळ्यांत बेसूर म्हणायचा. त्या कवितेत एक ओढा होता. शब्द गेले, ओढा अजून वाहतो आहे. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये उभा जन्म गेला, टर्बाइनच्या घरघरीने कान नेले, पण ती कविता कुठे तरी आत, भिजू न देता ठेवलेली आहे.

म्हणून तर तुला सांगतो, फोन करू नकोस, लिही. फोनवर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात मला. आणि तुमच्या त्या पेठच्या घाटात रेंज तरी कुठे धड असते!

तुझं पत्र मिळालं. ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाची तू अधीक्षिका झालीस, ज्ञानेश असता तर पेढे घेऊन गल्लीभर फिरला असता. पण पुढचं वाचून हातातला चहा मी मोरीत ओतला. तांदळात सोंडे, डाळीला जाळी, ओट्यावरचं फडकं उचललं तर खाली झुरळांचा संसार! आणि यावर तू काय केलंस, तर सभा घेतलीस. पल्लवी, अळ्यांपेक्षा मला त्या सभेचीच किळस जास्त आली. 'सगळ्यांचं मत घेतलं, पुढच्या बैठकीत ठरवू.' अगं, पुढच्या बैठकीपर्यंत अळ्यांची नातवंडं होतील.

आमच्या सोसायटीत हेच चाललं आहे. खालचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. पार्किंगमध्ये जे पसरलंय त्याचं वर्णन करत नाही, तू कदाचित जेवता जेवता वाचत असशील. आमचे चेअरमन दिनेशराव, अत्यंत लोकशाहीवादी माणूस. त्यांनी ग्रुपवर मतदान टाकलं: चेंबर आज साफ करावं, रविवारी करावं, की सर्वांच्या सोयीने करावं? 'सर्वांच्या सोयीने' प्रचंड मतांनी निवडून आलं. आता सगळे नाकाला रुमाल लावून सोयीची वाट बघतायत.

मी शिफ्ट इन-चार्ज होतो. कंट्रोल रूममध्ये एकच आवाज असायचा, माझा. बॉयलर चढतोय, प्रेशर हलतंय, अशा वेळी कोण मतं गोळा करतो? स्वयंपाकघरही तसंच धर. आग आहे, वाफ आहे, आणि शंभरेक मुलींची पोटं आहेत. तिथे एकच आवाज पाहिजे.

तुझा,
नानाकाका

-----

पेठ
१२ जुलै २०२५

ती. नानाकाकांना,
सा. न.

पत्र मिळालं. जेवता जेवताच वाचलं. चेंबरपाशी घास थांबला.

तुम्हाला माझी माणसं सांगते, म्हणजे मी सभा का घेतली ते कळेल. मुख्य स्वयंपाकीण लंकाबाई. मी शाळेत होते तेव्हापासून त्या इथे भाकऱ्या थापतायत. आवाज असा की डोंगरापलीकडची गुरं घरी यावीत. त्यांच्या हाताखाली चिमणाबाई, त्यांना स्वतःचं मत विचारलं की त्या लंकाबाईंकडे बघतात. कोठीच्या किल्ल्या मोहिनीकडे. ती बारावी झालेली, हुशार, बोलकी. आणि वॉचमन मंगळू. एवढीच माझी फौज.

ट्रस्टने मला नाशकात हॉटेलात कार्यशाळेला पाठवलं होतं, तेही सांगते. सूटबूट घातलेल्या माणसाने आम्हाला प्रत्येकी एक फुगा दिला. 'तुमचा फुगा म्हणजे तुमची टीम. घट्ट धराल तर फुटेल, सोडाल तर उडेल.' मग सगळ्यांनी फुगे घेऊन डोळे मिटायचे. दुपारी चार भाज्या आणि दोन गोड पदार्थ. पानांत टाकलेलं अन्न पाहून मला शिसारी आली. आमच्या मुली ताटातली डाळ बोटाने पुसून खातात हो.

परत येऊन मी त्या माणसाने सांगितलं तसं सगळ्यांना स्वयंपाकघरात गोल बसवलं. लंकाबाई म्हणाल्या, "म्याडम, असं गोल बसून काय व्हतंय? भूत उतरवायचं हाय का कुनाचं?"

मी म्हटलं, "किडक्या डाळीचं काय करायचं, सगळ्यांनी मिळून ठरवू."

"ठरवायचं काय त्यात? फेकायची."

मोहिनी म्हणाली, "ऊन दाखवून चाळली तर निम्मी निघेल." मंगळू म्हणाला, कोंबड्यांना घाला. चिमणाबाई म्हणाल्या, "बाय म्हनल तसं." लंकाबाई उठल्या, पदर झटकला. "तुमी इचारत बसा. पोरी उपाशी ऱ्हायच्या."

मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि संध्याकाळी तीच डाळ शिजली, कारण शिजवू नका असं कुणी म्हटलंच नव्हतं. जेवताना पाहिलं तर मुली एकेक किडा वेचून ताटाच्या कडेला मांडत होत्या. तक्रार नाही. सवयीने. निकिता नावाची पाचवीतली मुलगी मला म्हणाली, "म्याडम, आज कमीच हायेत."

काका, माझी मला किळस आली. तुमचं पटतंय. उद्यापासून एकच आवाज.

तुमची,
पल्लवी

-----

गंगापूर रोड, नाशिक
२० जुलै २०२५

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

शाबास! घाईत लिहितो, टपालाची वेळ होतेय.

हुकूम छोटा असावा. कारण सांगू नये. कारण सांगितलं की त्याला फाटे फुटतात. एकदा सांगितलेलं बदलू नये. आणि कुणी 'पण' म्हटलं की तिथेच थांबवावं. 'पण' हा शब्द मी कंट्रोल रूममध्ये ऐकूनच घेत नसे. मी आत शिरलो की खुर्च्या सरळ व्हायच्या. रात्रपाळीत चिमणीच्या टोकावरचे लाल दिवे, खाली राखेचा वास, आणि मध्ये माझा एकट्याचा आवाज, आणि त्यावर सगळ्यांचं 'येस सर'. कविताच होती ती, पल्लवी. आता कोण म्हणतंय 'येस सर'? आमच्या जिन्यात तर 'काका, बाजूला सरका' म्हणतात.

आणि तो फुगेवाला! फुगा घट्ट धरायचा की सोडायचा, हा प्रश्न पडायला हातात मुळात फुगा लागतो. तुझ्या हातात पातेलं आहे. घट्टच धर.

नानाकाका

-----

पेठ
२४ ऑगस्ट २०२५

ती. नानाकाकांना,
सा. न.

उशिरा लिहितेय, पण बातमी चांगली आहे.

किडकं धान्य मी एका सकाळी स्वतः उभं राहून बाहेर काढायला लावलं. कुणाला विचारलं नाही. लंकाबाईंनी तोंड उघडलं, "म्याडम, पन त्यातलं…" मी म्हटलं, "पण नाही." त्यांनी हातातली चाळण खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं, म्याडम."

आता भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय: 'सांगितलं ते करायचं. विचारायचं नाही.' दर शनिवारी फिनेल टाकून सगळं धुवायचं, एक कोपरा सोडायचा नाही. झुरळं गेली. फडकी रोज उकळतात. या पावसात, जिथे भिंतींनासुद्धा बुरशी धरते, तिथे आमचा ओटा चकाकतो. ट्रस्टचे अध्यक्ष आले होते, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "हॉस्पिटलसारखं वाटतंय!" माझ्या केसांनाही फिनेलचा वास येतो. येऊ दे.

शांतता तर इतकी की विचारू नका. लंकाबाई पूर्वी वाढताना मुलींवर ओरडायच्या, "खा गं, हाडं मोजायला लागतील तुझी! आन् तू, तुझ्या आयशीला काय तोंड दाखवू मी?" आता खाली मान घालून वाढतात. मुलीही मुकाट जेवतात.

एकच जरा चमत्कारिक वाटतं. मोहिनी संध्याकाळी चहा घेऊन माझ्या खोलीत यायची, दिवसभराच्या गप्पा सांगायची. कोण रडलं, कुणाला ताप, लंकाबाई कुणाला काय म्हणाल्या. हल्ली चहा दाराबाहेर ठेवून जाते, वर बशी झाकून. मान राखत असेल. तुम्हाला काय वाटतं?

पल्लवी

-----

गंगापूर रोड, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

मानच आहे तो, दुसरं काय! माझाही चहा कंट्रोल रूमच्या दाराबाहेर यायचा.

तुझं वाचून मला स्फुरण चढलं. मी आमच्या पार्किंगमध्ये उतरलो आणि दिनेशरावांना सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमचं मतदान घाला त्या चेंबरात!" फोन करून माणसं बोलावली, मशीन आलं, आत जे साचलं होतं ते बाहेर निघालं. काय काय नव्हतं त्यात! प्लॅस्टिक, चिंध्या, कुणाची तरी चप्पल, आणि चरबीचे हे एवढे गोळे. सुशिक्षित लोकांच्या पोटातलं आणि मनातलं सगळं एका भोकातून बाहेर पडताना पाहिलं मी. चार दिवस जेवण गेलं नाही. पण काम झालं. दिनेशरावांनी राजीनामा दिला, कारभार आता माझ्याकडे.

आता जिन्यात मी दिसलो की लोक मोबाईल बघतात. कुणी तक्रार घेऊन येत नाही. वॉचमनसुद्धा नुसता सलाम करतो. किती वर्षांनी अशी शिस्त बघतोय! परवा संध्याकाळी गॅलरीत बसून शाळेतली एक कविता आठवत होतो. तिच्यात एका निजलेल्या गावाचं वर्णन होतं. अगदी तसं वाटलं.

नानाकाका

-----

पेठ
२२ ऑक्टोबर २०२५

ती. नानाकाका,

नमस्कार. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

दिवाळीच्या सुट्टीला मुली घरी जायच्या आधी आम्ही वसतिगृहात वाघबारस करतो. इथली ही जुनी रीत, वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा, मग सगळ्यांनी खायचं. मुली वाघ होतात, अस्वल होतात, आवारभर धावतात. त्या दिवशी खीर असते. ती मोठ्या पातेल्यात होते, आणि ते पातेलं सणालाच माळ्यावरून निघतं.

यंदा काढलं तर आत पालीची घाण, कोळ्याची जाळी. आदल्या संध्याकाळी चिमणाबाईंनी ते धुतलं. कशाने, तर फिनेलने. 'सगळं फिनेलने धुवायचं' असा माझा हुकूम होता ना. ओटा आणि फरशी एवढंच माझ्या मनात होतं. पण मी 'सगळं' म्हटलं होतं, आणि विचारायचं नाही असंही म्हटलं होतं. नुसतं धुतलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पातेलं चिकट होतं म्हणून त्यांनी रात्रभर फिनेलमध्येच भिजत ठेवलं, आणि सकाळी टाकीत पाणी कमी म्हणून एकदाच विसळलं.

एरवी लंकाबाई कुठलाही पदार्थ चाखल्याशिवाय उतरवत नाहीत. पण नैवेद्याचं चाखत नाहीत, देवाच्या आधी जीभ लावायची नाही. त्यामुळे खीर कुणी चाखली नाही. वास मात्र सगळ्यांना आला. लंकाबाईंना आला, चिमणाबाईंना आला, मोहिनीला आला. काका, मलाही आला. मला वाटलं, इथे आता सारखाच येतो हा वास. आणि वाटलं, काही असतं तर कुणी तरी बोललं असतं.

नैवेद्य दाखवला. मुलींनी खाल्लं. तोंडं वाकडी करून, पाणी पिऊन पिऊन खाल्लं. एकीनेही वाटी बाजूला सारली नाही. मीच त्यांना शिकवलं होतं, वाढलेलं गुपचूप खायचं.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडाला वाघाचे पट्टे रंगवलेल्या मुली, आवारात जिथे तिथे वाकलेल्या. त्या रंगात मिसळलेली ती खीर, तो वास… मला पुढे लिहवत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथल्या लोकांनी जिवाचं रान केलं. सगळ्या वाचल्या. निकिता दोन दिवस होती सलाईनवर. आता सगळ्या आपापल्या घरी आहेत.

मी लंकाबाईंना विचारलं, "तुम्हाला वास आला, मग बोलला का नाहीत?"

त्या खाली बघून म्हणाल्या, "तोंडावर आलं व्हतं. पन भिंतीवर लिवलेलं दिसलं."

ट्रस्टला अहवाल हवाय, आणि त्यात एक नाव. कुणाचं, तेही सुचवलंय. मुख्य स्वयंपाकीण. काय लिहू? आणि एक खरं सांगा. तुमच्या कंट्रोल रूममध्ये तुम्हाला थांबवू शकेल असं कुणीच नव्हतं का?

पल्लवी

-----

गंगापूर रोड, नाशिक
२५ ऑक्टोबर २०२५

चि. पल्लवीस,

मुली वाचल्या, देवाची कृपा.

मनाला लावून घेऊ नकोस. हुकूम देणारा प्रत्येक पातेल्यात नाक घालू शकत नाही. ज्या बाईचा जन्म चुलीपुढे गेला तिला फिनेलचा वास कळतो आणि ती गप्प बसते? 'भिंतीवर लिवलेलं दिसलं' म्हणे! हा सूड आहे, पल्लवी. तू तिचा आवाज बंद केलास, त्याचा सूड तिने शंभर पोरींच्या पोटावर काढला. मला त्या बाईची शिसारी आली. काढून टाक तिला. दया दाखवलीस तर उद्या दुसरं काही घालेल खिरीत.

बाकीच्या प्रश्नाचं पुढे कधी तरी लिहीन.

नानाकाका

-----

पेठ
३० ऑक्टोबर २०२५

नानाकाका,

तुमचं पत्र माझ्या टेबलावर उघडं राहिलं. मोहिनीने वाचलं. तिने ते लंकाबाईंना जसंच्या तसं सांगितलं, 'शिसारी'सकट. लंकाबाई सुट्टीतही रोज येऊन कोठी झाडत होत्या. त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली, पिशवी उचलली आणि पाड्यावर निघून गेल्या.

अहवालात मी माझं नाव लिहिलं. हुकूम माझा, शब्द माझे, भिंतीवरचा कागद माझा. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात लिहिताय." त्यांनी तो ठेवून घेतलाय. दहा नोव्हेंबरला वसतिगृह उघडतंय. त्या सकाळी लंकाबाई हजर राहून स्वतःच्या तोंडाने काय घडलं ते सांगतील तर ऐकू म्हणाले. नाही आल्या तर पळून गेल्या असं धरून त्यांचंच नाव घालणार. इतक्या वर्षांची नोकरी जाईल, आणि 'पोरींना विष घालणारी' हे नाव पाड्यात कायमचं लागेल.

म्हणून मी काल पाड्यावर गेले. त्या अंगणात नागलीची कणसं झोडत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. मी म्हटलं, "लंकाबाई, चूक माझी आहे. तुम्ही या. अध्यक्षांपुढे जे झालं ते सांगा."

"बरं, म्याडम."

"तुम्हाला राग आला असेल तर बोला. शिव्या द्या."

"बरं, म्याडम."

"याल ना?"

"बरं, म्याडम."

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की त्या येणार नाहीत. काका, ज्या बाईने मला 'भूत उतरवायचं हाय का' म्हणून विचारलं होतं, तीच ही. कार्यशाळेतल्या त्या गोल बसण्याला मी हसत होते. निर्णय होत नव्हता, हे खरं. पण 'फेकायची' असं निदान कुणी तरी ठणकावून म्हणत होतं. मी ते ऐकून नुसतं 'हो, फेका' म्हणायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.

पल्लवी

-----

गंगापूर रोड, नाशिक
३ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर देतो.

होतं. थांबवू शकणारं होतं. एक नाही, सगळेच.

आमच्या पॅनलवर एक लाल बटण होतं, काचेच्या झाकणाखाली. ते दाबलं की मशीन बंद. आणि ते दाबायला माझी परवानगी लागत नसे. ऑपरेटर, हेल्पर, झाडू मारायला आलेला माणूस, ज्याला धोका दिसेल त्याने दाबायचं. आधी दाबा, मग सांगा. चुकून दाबलं गेलं तरी त्याला रागवायचं नाही, असा आमचा दंडक होता. रागावलो तर पुढच्या वेळी खरा धोका असताना त्याचा हात कचरेल. हुकूम माझा एकट्याचा, आणि थांबवायचा हक्क सगळ्यांचा. या दोन गोष्टींवर मिळून ते पॉवर स्टेशन चालत होतं. मी तुला त्यातली एकच लिहून पाठवली.

का, याचा आठवडाभर विचार केला. म्हाताऱ्याच्या आठवणी म्हणजे शाळेतली कविता असते गं, आवडतं तेवढं कडवं पाठ राहतं. मला माझा आवाज आठवला. 'येस सर' आठवलं. बटण काही आठवलं नाही, कारण त्यात मी नव्हतो. त्या एका कडव्यावर तू स्वयंपाकघर चालवलंस, आणि पोरी ओकल्या. आणि वर मी त्या बाईची शिसारी आली म्हणून लिहिलं! स्वतःच्या अक्षरातला तो शब्द आठवला की पाणी पितो आणि तरी तोंड कडूच राहतं.

इथलंही ऐक. काल पार्किंगमध्ये गेलो तर चेंबर पुन्हा तुंबलेलं. घाण लिफ्टच्या दारापर्यंत आलेली, आणि लोक विटांवर पाय देत देत, मला नमस्कार करून चाललेले. मी वॉचमनला म्हटलं, "कधीपासून हे?" तो म्हणाला, "झाला असेल आठवडा." "मग सांगितलं का नाहीस?" तो विटा नीट लावायला लागला. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षलने सांगितलं, "काका, तुम्ही ओरडता ना. सगळे म्हणाले, तुम्हाला दिसेल तेव्हा दिसेल." दिनेशरावांच्या राज्यात लोक नाक दाबून निदान कुरकुरत तरी होते. माझ्या राज्यात नाक दाबून नमस्कार करतात. मला निजलेलं गाव वाटलं होतं ते!

मी वर येऊन दिनेशरावांच्या दारावर गेलो. म्हटलं, "परत या. तुम्ही विचारा, मी निकाल लावतो. दोघं मिळून एक धड माणूस होऊ." त्यांनी चहा दिला, पण हो म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले. माणूस बदलत नाही.

आता कामाचं. हुकूम तूच दे, ते सोडू नकोस. पण तो भिंतीवरचा कागद उतरव. आणि सगळ्यांना, चिमणाबाईलासुद्धा, निकितालासुद्धा, असं सांग की वाईट वास आला, किडा दिसला, पोटात नुसतं कालवलं तरी ताट ढकलायचं आणि ओरडायचं. कारण नंतर विचारू.

पण हे ऐकायला लंकाबाई हव्यात. त्या तुझ्या बोलावण्याने येणार नाहीत, हे मला पटतं. ज्याने तो शब्द लिहिला त्यानेच जायला हवं. म्हणून मी ठरवलंय, गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने पेठला येतो. तू मला पाड्यावर घेऊन चल. त्या नागली झोडत असल्या तर मी अंगणात बसून राहीन. 'बरं, साहेब' म्हणाल्या तरी उठणार नाही. माणूस शिव्या देईपर्यंत बसायचं, एवढा वेळ आता माझ्याकडे आहे. गुडघे दुखतात, घाटात मला गाडी लागते, पण तू काळजी…

बेल वाजली. थांब जरा. वॉचमन असेल, चेंबरचा.

पल्लवी, चष्मा आणायचं निमित्त करून आत आलोय. चार ओळी उभ्यानेच लिहितो, अक्षराकडे बघू नकोस.

दाराशी साखळीपलीकडे एक बाई उभी आहे. उंच, काळीसावळी, काखेत पिशवी. पार्किंगमधली घाण तुडवत आल्याने पायातल्या वहाणा हातात घेतलेल्या. पहिलं वाक्य असं, "ही कसली घान करून ठिवलीय दारात? आन् शिसारी माझी येती व्हय तुमाला?"

मी विचारलं, कोण आपण?

"मी लंका. पेठची. म्याडमची पत्रं टाकनाऱ्या मंगळूकडून पत्ता घेतला. तुमीच ना ते, नाशकात खुर्चीत बसून आमच्या चुलीला हुकूम सोडनारे?"

मी म्हटलं, हो, मीच. म्हटलं, मी गुरुवारी येणारच होतो तुमच्याकडे.

"नका येऊ. म्याडम आल्या, त्यांच्याशी मला बोलवंना. पोरीसारखी हाय, डोळ्यांत पानी घिऊन उभी. तिला कसं बोलू? धा तारखेला त्या अध्यक्षापुढं तोंड उघडायचं हाय मला. आदी तुमच्यावर उघडून बघती."

दिनेशराव समोरच्या दारातून बघतायत. वरचा हर्षल जिन्यात थांबलाय. मी म्हटलं, बाई, आत या, बसा, पाणी घ्या. साखळीला हात घातला, तर त्याच मला म्हणाल्या,

"पानी मागून. आदी दार पुरतं उघडा. मला भांडायचं हाय."